साथीचं गणित विद्यापीठात, निर्णय मंत्रालयात – मधली वाट कशी बांधायची?

गणित_सातारा

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवतो. परवा टीवायच्या वर्गात डिफरन्शियल इक्वेशन्स चालू होती, म्हणून केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचं १९२७ चं साथीचं मॉडेल फळ्यावर घेतलं. तीन चौकोन काढायचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झालाय ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते. एका चौकोनातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने जातात, एवढंच समीकरण सांगतं.

मुलांना विचारलं, हे मॉडेल मांडणाऱ्या त्यांच्या मूळ लेखात खऱ्या साथीचा जो आलेख आहे तो कुठल्या शहराचा असेल? लंडन झालं, पॅरिस झालं, एकाने वुहान म्हटलं. मी ‘मुंबई’ म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, त्याचे ते ठिपके. समीकरणातून निघालेली वक्ररेषा त्यांच्यावर जवळजवळ नेमकी बसते, आणि तिचं शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचं आहे. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीला काम केलेले. केरमॅक यांचे डोळे १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेले होते. त्यानंतर तीन वर्षांनी आलेलं हे काम आजही जगभर शिकवलं जातं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आपल्या मुंबईच्या आकड्यांवर ते शिकले. मग २०२० मध्ये कोविड आला तेव्हा आपल्याला त्याचा काय उपयोग झाला?”

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. विद्यापीठातले गणिती आणि निर्णय घेणारे अधिकारी यांच्यात नक्की काय घडतं, काय घडायला हवं? दोन्ही बाजूंचे अनुभव हवेत.

जुईली_ठाणे

सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, उपयोग झाला. सगळीकडे सारखा नाही, पण झाला.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे टीआयएफआर, आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, या दोघांनी मिळून अख्ख्या शहराचं मॉडेल बनवलं. तीन चौकोनांचं नाही, माणसागणिक. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. संगणकात तेवढी काल्पनिक माणसं तयार केली. प्रत्येकाला वय, घर, घरातली माणसं, कामाचं ठिकाण किंवा शाळा. झोपडपट्टीतला संपर्क वेगळा धरला, कारण तिथे नळ आणि संडास सामायिक असतात. लोकल गाड्याही धरल्या. मग विचारलं: कचेऱ्यांत एक तृतीयांश लोक बोलावले तर काय होईल? निम्मे बोलावले तर? लोकल सुरू केल्या आणि सगळ्यांनी मास्क लावले तर?

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते ‘तर’. अमुक तारखेला इतके रुग्ण होतील, हे सांगायला ते मॉडेल केलेलंच नव्हतं. चार पर्याय शेजारी ठेवले तर कुठला कमी वाईट, एवढं त्यातून कळतं. लोकल सर्वसामान्यांसाठी ठरावीक वेळांत सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. डोंबिवलीहून पहाटे बसने निघून चार-चार तासांनी मुंबईत पोचणारे लोक आमच्या घरात होते. त्या निर्णयाच्या मागे कुणीतरी आकडेमोड करत होतं, हे मला तेव्हा कळलं असतं तर मनाला बरं वाटलं असतं.

तळेगावकर

आमच्या घरचं मॉडेल: नातू बालवाडीतून सर्दी आणतो. चार दिवसांत सगळे आडवे. आजी एकटी बरी, कारण ती त्याला म्हणते, “आधी हात धू, मग मांडीवर बस.” :)

वामन_अ

जुईली, माफ करा, पण मला हे सगळं ऐकून त्रास होतो.

जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये जो तो म्हणत होता, साथ ओसरली. आम्ही त्या विश्वासावर भाचीचं लग्न एप्रिलचं धरलं. पत्रिका छापल्या. लग्न चार माणसांत झालं आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी माझे थोरले काका गेले. ऑक्सिजनचा बेड शोधत मी आणि चुलतभाऊ रात्रभर गाडीतून फिरत होतो. एका ठिकाणी वॉचमनने फाटकाबाहेरूनच हात हलवला, बोललाही नाही. आता सांगा, एवढी हुशार माणसं समीकरणं मांडून बसली होती, तर दुसरी लाट कुणालाच कशी दिसली नाही?

मीनल_कुलकर्णी

वामनराव, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवर एक समिती नेमली होती. अध्यक्ष आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर. सोबत आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि लष्करी वैद्यकीय सेवेतल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर, ज्या पुढे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या ‘सूत्र’ मॉडेलने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की सप्टेंबरमध्ये शिखर येऊन गेलं, आणि काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ बरीचशी आटोपेल. प्रत्यक्षात मेच्या सुरुवातीला देशात रोजचे नवे रुग्ण चार लाखांवर गेले. आपल्या मॉडेलला ही लाट नीट पकडता आली नाही, हे त्यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं.

हे का झालं? मॉडेल मागच्या आकड्यांवरून वेग शिकतं. विषाणूच बदलला, डेल्टा आला, की जुना वेग निरुपयोगी. शिवाय लोक ढिले पडले. ‘काळजी घेत राहिलो तर’ ही अट बातमीतून गळली, ‘फेब्रुवारीत संपणार’ तेवढं राहिलं. माझा राग त्या समीकरणावर नाही. एकाच उत्तरावर एवढा भार टाकला गेला, यावर आहे. आणि अमरावतीत फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रुग्ण इतके वाढले की २२ तारखेपासून तिथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली. तो इशारा कुठल्याही संगणकातून आला नव्हता. तो जिल्ह्यातूनच आला होता.

शुद्धलेखक

विषय गंभीर आहे, तरी एक सुचवतो. ‘मॉडेल’ला ‘प्रतिमान’ किंवा ‘प्रारूप’ म्हणावं.

तळेगावकर

प्रारूप म्हटलं की मला मतदारयादी आठवते.

जुईली_ठाणे

‘प्रतिमान’ छान आहे. पण वॉर्ड ऑफिसात जाऊन “तुमचं प्रतिमान दाखवा” म्हटलं तर समोरचा माणूस गोंधळेल. आपण इथे मॉडेलच म्हणू या.

अनघा_स्वयंसेवक

मी हे गणित दुसऱ्या टोकाने पाहिलंय. २०२० च्या जून-जुलैमध्ये एका महापालिकेच्या वॉर्डातल्या वॉर रूममध्ये, म्हणजे कोविडच्या नियंत्रण कक्षात, स्वयंसेवक म्हणून होते. शहराचं नाव सांगत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सहा टेबलं, दोन संगणक, बाकी रजिस्टरं. रोज संध्याकाळी लॅबचे रिपोर्ट यायचे. एकात तारीख दिवस-महिना-वर्ष, दुसऱ्यात महिना आधी. पत्ता म्हणून ‘मारुती मंदिरामागे, पाटील चाळ’. त्या वॉर्डात पाटील चाळी तीन. एकाच माणसाचं नाव दोनदा, कारण त्याची तपासणी दोनदा झालेली. आमच्यातले एक काका, पूर्वी पोस्टात होते, पत्ता वाचून हसायचे आणि अचूक सांगायचे, “ही दुसरी पाटील चाळ, पिंपळाजवळची.” त्यांच्यामुळे आमचं निम्मं काम झालं.

एकदा लॅबमध्ये किट संपली म्हणून तीन दिवसांचे रिपोर्ट मंगळवारी एकदम आले. आम्ही ते सगळे मंगळवारीच चढवले, कारण रकाना एकच होता, ‘रिपोर्टची तारीख’. लक्षणं कधी सुरू झाली हा रकानाच नव्हता. दुसऱ्या दिवशी एका विद्यापीठातल्या मुलाचा फोन आला, “मॅडम, तुमच्या वॉर्डात काल शिखर आलं का?” मी म्हटलं, शिखर नाही हो, काल लॅबचा गठ्ठा आला.

तो मुलगा चांगला निघाला. फोन ठेवला नाही. पुढचा तासभर त्याने प्रत्येक रकाना विचारून घेतला. पुढच्या आठवड्यापासून आम्ही रजिस्टरमध्ये पेनाने एक रेघ वाढवली आणि ‘लक्षण तारीख’ लिहायला लागलो. सर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. वाट बांधली ती त्या एका फोनने. पण अशी वाट फोन करणाऱ्याच्या भल्या स्वभावावर सोडायची का?

मीनल_कुलकर्णी

अनघाताई, पेनाने मारलेली ती रेघ माझ्या डोक्यातून जात नाहीये.

केतकी_कॉव्हेंट्री

इथे इंग्लंडमध्ये काय झालं ते लिहिते. मी गणिती नाही, वॉरिक विद्यापीठाच्या शेजारच्या गावात राहते, आणि त्या दिवसांत रोज बातम्या ऐकत होते.

इथे सरकारला मॉडेलबाबत सल्ला देणारा गट, त्याला ‘स्पाय-एम’ म्हणतात, साथीच्या आधीपासूनच होता. इन्फ्लुएंझाची महासाथ येईल या तयारीसाठी. त्यामुळे मार्च २०२० मध्ये कुणाला फोन करायचा हे माहीत होतं. १६ मार्चला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा अहवाल आला: काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू. २३ तारखेला लॉकडाऊन. पुढे केंब्रिज, वॉरिक, ब्रिस्टल, एक्सिटर, ऑक्सफर्ड, मँचेस्टर आणि लँकेस्टर या सात विद्यापीठांनी मिळून ‘ज्युनिपर’ नावाचा गट केला.

मला आवडलेली गोष्ट ही की वेगवेगळ्या गटांची उत्तरं वेगवेगळी येत, आणि ती लपवत नसत. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना रोग देतो ती आर-संख्या, मे २०२० च्या मध्यावर जाहीर झाली ती ‘०.७ ते १.०’ अशी. एक आकडा नाही, पट्टा. १ च्या खाली साथ आटते, वर गेली की फोफावते. पट्ट्याचं वरचं टोक १ ला टेकलंय म्हणजे अजून मोकळं वाटून घेऊ नका, हे आमच्या शेजारच्या आजींनाही समजलं होतं.

पण इथेही सगळं गोड नाही. २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा मॉडेलच्या सल्ल्यावरून बाधित गोठ्याच्या शेजारच्या गोठ्यांतली निरोगी जनावरंही मारली. सगळी मिळून ६० लाखांवर जनावरं गेली. ते इतकं करायला हवं होतं का, यावर पशुवैद्य आणि गणिती यांच्यात अजून एकमत नाही. शेतकरी तर विसरलेलेच नाहीत.

बापू_कराड

केतकीताई, जनावरांचा विषय काढलात म्हणून लिहितो. मी शेतकरी, गणित दहावीपुरतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगावकडे लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आला आणि बघता बघता आमच्यापर्यंत पोचला. सरकारने जनावरांचे बाजार बंद केले. बाधित गावाच्या भोवती पाच किलोमीटरपर्यंत लसीकरण. लस शेळ्यांच्या देवीची, पण गुरांना चालली. निर्णय बरोबरच होता. पण बाजार बंद म्हणजे व्यवहार बंद असं नसतं. ज्याला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत तो बैल विकणारच. रात्री टेम्पोत घालून, ताडपत्री टाकून, आडवाटेने. मी स्वतः पाहिलंय. कागदावर आमच्या भागात जनावर हललंच नाही, आणि प्रत्यक्षात रोज हलत होतं.

माझ्या गोठ्यातल्या खिलार खोंडाला गाठी आल्या. वीस दिवस कडुलिंबाच्या पाल्याने धूर केला, डॉक्टर रोज येऊन गेले. वाचला. पण त्या दिवसांत मला कुणी विद्यापीठवाल्याने विचारलं असतं, बापू, बाजार बंद झाल्यावर लोक काय करतात, तर मी सगळं सांगितलं असतं. नाव न घेता. ताडपत्रीखालचा बैल तुमच्या समीकरणात कुठल्या चौकोनात बसतो?

गणित_सातारा

बापू, हा प्रश्न मी उद्या जसाच्या तसा वर्गात विचारणार आहे.

शंकासुर

सर, मूळ उदाहरणावरच माझी हरकत आहे. मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाला जात नव्हता. उंदीर आणि पिसवा. आधी उंदीर मरत, मग पिसवा माणसाकडे वळत. आणि उन्हाळा चढला की प्लेग दरवर्षी आपणहून उतरायचा, पुढच्या हिवाळ्यात परत. म्हणजे ती रेषा ठिपक्यांवर बसली तरी ‘रोग होऊ शकणारी माणसं संपत आली म्हणून साथ उतरली’ हे कारण तिथे लागू नव्हतं. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये नेमकं हेच दाखवलं. बरोबर दिसणारी रेषा चुकीच्या कारणानेही बरोबर दिसू शकते. असा आलेख मंत्र्यांसमोर ठेवला तर मंत्री काय करतील? माणसांना अडवतील. उंदीर तसेच राहतील.

गणित_सातारा

हरकत पूर्ण मान्य. केरमॅक-मॅकेन्ड्रिक यांनीही लेखात सांगितलं होतं की आपली गृहीतकं प्रत्यक्षाला ढोबळपणेच लागू होतात. मी वर्गात हे सांगायला विसरलो, ती माझी चूक.

आणि तुम्ही म्हणता तसं मुंबई-पुण्यात माणसांनाच अडवलं गेलं होतं. १८९७ चा साथरोग कायदा, घराघरांत शिरून झडत्या, सामान रस्त्यावर. पुण्यात रँडचा वध झाला तो त्याच वर्षी, जूनमध्ये. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई गेल्या. एकाच गावात, एकाच साथीत, सत्ता लोकांशी कशी वागली आणि एक बाई लोकांशी कशी वागली, हे दोन्ही आपल्यासमोर आहे. २०२० च्या मार्चमध्ये राज्याने लागू केला तो कायदाही १८९७ चाच.

डॉ_नाना

धागा सकाळपासून वाचतोय. मी सार्वजनिक आरोग्य खात्यातून निवृत्त झालो, तीस वर्षांची नोकरी. अधिकाऱ्याच्या बाजूने कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

अधिकाऱ्याला गणित नको असतं असं नाही. त्याला वेळ नसतो. रुग्ण पाच दिवसांत दुप्पट होत असतील, तर दहा दिवस थांबणं म्हणजे चौपट साथीशी लढणं. विद्यापीठाचा चाळीस पानांचा अहवाल बाराव्या दिवशी येतो. त्याला पाहिजे असतं आज संध्याकाळी एक पान: हे केलं तर खाटा किती लागतील, ते केलं तर किती, आणि या आकड्यांवर विसंबावं किती. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लिहायला गणिती लाजतात.

दुसरं. चांगलं काम आपल्याकडे झालंय, ते आकडे गोळा करण्यापासून. जुलै २०२० मध्ये मुंबईत दहिसर, चेंबूर, माटुंग्याच्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी रक्त तपासलं. ६,९३६ नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, इमारतींत १६ टक्के. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी पाच प्रभागांत तेच केलं. १,६६४ नमुने, सरासरी ५१.५ टक्के, लोहियानगर-कासेवाडीत ६५ च्या वर. नोंदलेल्या रुग्णांवरून कुणालाही असं वाटलं नसतं. तुमचा पहिला चौकोन किती रिकामा झालाय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हे काम विद्यापीठ एकटं करू शकत नव्हतं आणि महापालिकाही एकटी करू शकत नव्हती. रक्त काढायला घरात कोण घेईल? ओळखीची आशाताई सोबत असेल तर घेतील.

वामनराव, तुमच्यासाठी उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा मीही फोन उचलत होतो, आणि खाट नाही असं सांगत होतो.

वामन_अ

नाना, एवढं लिहिलंत तेच पुष्कळ. त्या रात्री फोनवर कुणीतरी “नाही” असं सरळ सांगितलं असतं, तरी आम्ही दुसरीकडे वळलो असतो.

गणित_सातारा

सगळं दोनदा वाचलं. एक ठरवलंय.

पुढच्या महासाथीची वाट बघत बसायचं नाही. आमच्या गावात दरवर्षी पावसाळ्यानंतर डेंगी असतो. टीवायची बारा मुलं घेऊन नगरपालिकेच्या आरोग्य विभागात जाणार आहे. नाना, तुम्ही सांगा, काय मागू?

डॉ_नाना

पहिल्या भेटीत काही मागू नका. तुम्हाला काय करून हवंय, असं विचारा.

मग कंटेनर सर्वेक्षणाची वही बघायला मिळते का ते पाहा. किती घरं तपासली, किती घरांत अळ्या सापडल्या, किती भांड्यांत. त्यातून घर-निर्देशांक, म्हणजे शंभरातल्या किती घरांत अळ्या आहेत ते, निघतो. कुठल्या गल्लीत ॲबेटिंग (पाण्यात अळीनाशक टाकणं) कधी झालं, गप्पी मासे कुठे सोडले, भांडी रिकामी करून कोरडा दिवस कुठे पाळतात, हे त्याच वहीत असतं. दवाखान्यांचे आणि लॅबचे आकडे पोर्टलवर वेगळे जातात. ते आणि ही वही एकमेकांशेजारी कुणी ठेवत नाही. तुमच्या मुलांनी तेवढं जरी केलं, तरी पुढच्या वर्षी फवारणी कुठून सुरू करायची हे आरोग्य सेवकाला सांगता येईल. आणि एक दिवस त्याच्यासोबत घरोघरी फिरा. पिंपातलं पाणी बॅटरी मारून बघावं लागतं, अळी अशी वरून दिसत नाही.

अनघा_स्वयंसेवक

आणि सर, सोमवारी जाऊ नका. सोमवारी मागच्या आठवड्याची जुळवाजुळव चालू असते, कुणी मान वर करत नाही. मंगळवारी अकरा वाजता जा. तारखेचे रकाने किती आहेत ते मात्र आधी बघा.

गणित_सातारा

मंगळवार, अकरा. ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, पेन ती आणणार आहे.